आल्प्समध्ये आलेली अम्मा

डोंगर चढण्याचा सराव करायला चेन्नईइतकं गैरसोयीचं शहर दुसरं नसेल. इथं उंच म्हणण्यासारखी असतात ती देवळांची गोपुरं आणि पुढाऱ्यांचे कटआउट, आणि दोन्हींवर चढू देत नाहीत. शेवटी आम्हाला मैलापूरचं, खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेचं स्टेशन सापडलं. ही स्टेशनं कुणीतरी फार मोठ्या आशेनं बांधली आहेत. जिने असे रुंद की एखाद्या सम्राटानं हत्तीसकट उतरावं, आणि भल्या सकाळी त्यांवर असायचो आम्ही दोघं आणि एक झोपलेला कुत्रा. पाठीवरच्या सॅकमध्ये पोन्नी तांदळाच्या पिशव्या भरून आम्ही चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. माझा नवरा रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर, त्यामुळे विनातिकीट स्टेशनात पाऊल टाकणं त्याच्या स्वभावात नाही. तो रोज दोन प्लॅटफॉर्म तिकिटं काढायचा. खिडकीतल्या माणसानं काही दिवस नुसतं पाहिलं, मग एकदा न राहवून विचारलं, "सार, रोज येता, गाडीत बसत नाही. वर काय आहे?"

"स्वित्झर्लंड," नवरा म्हणाला.

त्यानंतर तो माणूस आम्हाला न बोलता तिकिटं द्यायचा. डॉक्टरांनी जास्त बोलू नका म्हणून सांगितलेल्या घरात लोक वागतात तसं.

ही सहल म्हणजे आमच्यातला तह होता. लग्न झाल्यापासून आमच्या घरात सुट्टी म्हणजे प्रवास, प्रवास म्हणजे गाडी, आणि गाडी म्हणजे मी खिडकीशी बसून डब्याखालच्या स्प्रिंगांबद्दल ऐकणं. मी बँकेत काम करते. पण मी त्याला कधी व्याजदर ऐकवत नाही. आल्प्सला जायचं ठरलं तेव्हा मी अट घातली: निम्मे दिवस गाड्यांचे, निम्मे चालण्याचे. मला चालायची होती ती एकच वाट. एका जुन्या मासिकात तिचं चित्र पाहिलं होतं. डोंगराच्या माथ्यावरून निघायचं, कड्याच्या कडेनं एका छोट्या तळ्यापर्यंत जायचं आणि तिथून रानातून खाली गावात उतरायचं. तिच्यात खास काय, असं नवऱ्यानं विचारलं, तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं. खरं कारण असं की मी आयुष्यात कधीच अशा वाटेनं चालले नव्हते जिच्या टोकाला देऊळ, दुकान किंवा नातेवाईक नाही.

नवऱ्यानं ही अट चटकन मान्य केली, कारण त्या माथ्यावर पोचण्याचा एकच शहाणा मार्ग होता आणि तो म्हणजे दातेरी रुळांची गाडी. नेहमीच्या दोन रुळांच्या मध्ये तिसरा, करवतीसारखे दाते असलेला रूळ असतो. गाडीच्या पोटाखालचं दात्यांचं चाक त्यात अडकतं आणि शिडी चढावी तशी गाडी डोंगर चढते. उटीची गाडी अशीच चढते, आणि ती त्यानं इतक्या वेळा पाहिली आहे की कुन्नूरचा स्टेशनमास्तर त्याला घरचा समजतो. पण ही गाडी उटीपेक्षा कितीतरी उभी चढणारी. कॉलेजात असल्यापासून ती त्याच्या डोक्यात होती. म्हणजे माझ्यापेक्षा आधीपासून.

मे महिन्यात टी. नगरमध्ये स्वेटर मागितला की काय होतं तेही तेव्हा कळलं. रेशमी साड्यांच्या डोंगरावर बसलेल्या विक्रेत्यानं मला आधी पाणी दिलं. मग माळ्यावरून एक खोकं उतरवलं, त्यावरची धूळ झटकली आणि दोन माकडटोप्या काढल्या. "काशीला चाललात?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. माणसाला पटेल असं उत्तर द्यावं.

आमच्या मराठी मंडळालाही ही बातमी लागली आणि त्यांनी आमचा सत्कार ठरवला. तोही जाण्याआधी, कारण नंतर वर्धापनदिनाची गडबड असते. अध्यक्ष स्वतः एकदा टूर कंपनीबरोबर तीन दिवस स्वित्झर्लंडला जाऊन आले होते, आणि तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक भाषणात बर्फ पडायचा. "आपल्या मंडळातलं हे दांपत्य आल्प्स सर करून आलं आहे," ते म्हणाले. कुणीतरी त्यांच्या कानात काही पुटपुटलं. "येणार आहे," त्यांनी दुरुस्ती केली, आणि घामानं थबथबलेल्या माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली.

आता त्या सहलीतल्या आजाराकडे येते. तो आम्ही चेन्नईतूनच बरोबर नेला होता.

आम्ही मैलापूरला भाड्यानं राहायचो, वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण मामी. त्या तंजावरी मराठी. त्यांच्या घराण्यानं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्र सोडला आणि येताना आणलेली भाषा लोणच्यासारखी बरणीत जपली. शब्द जुने, चाल तमिळ. आमचं मराठी त्यांना फार घाईचं वाटे. निघायच्या पंधरवडाभर आधी त्यांच्या नातीला कांजिण्या आल्या. पण असं म्हणायचं नसतं. चेन्नईत कांजिण्या येत नाहीत, अम्मा येते. देवी स्वतः पाहुणी म्हणून मुक्कामाला येते आणि तिची बडदास्त ठेवावी लागते. मामींनी फाटकाला कडुलिंबाची डहाळी बांधली. घरात फोडणी बंद, कंगवा बंद, साबण बंद, आणि बाहेरच्या माणसानं उंबरा ओलांडणं तर अगदीच बंद.

नवरा डहाळीखालून वाकून आत गेला आणि त्या मुलीशी कॅरम खेळत बसला. पोरगी कंटाळून रडायची म्हणून. मी वरून ऐकत होते.

"बाळ, येऊं नको रे आंत. अम्मा आलीं अहेत."

"मामी, मला लहानपणीच येऊन गेल्यात. एकदा आल्या की पुन्हा येत नाहीत."

"आलीं होतीं म्हणून कोण सांगितलं?"

"आई सांगते ना. नाशिकला असताना. अंगभर होत्या."

माणसाची आई सांगते म्हटल्यावर बोलणं संपतंच. तो चार दिवस कॅरम खेळला आणि बहुतेक डाव हरला.

आल्प्समध्ये आम्ही उतरलो ते त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावात, एका बाईंच्या घरगुती लॉजमध्ये. बाई उंच, कोरड्या आणि इतक्या स्वच्छ की त्यांच्यासमोर शिंकायची भीती वाटायची. आमच्या खोलीची खिडकी बरोबर स्टेशनासमोर. ती खिडकी नवऱ्यानं दोन महिने आधी पत्रव्यवहार करून मिळवली होती. पहिले दोन दिवस तहाप्रमाणे गेले, म्हणजे सगळेच गाड्यांत गेले. तो प्रत्येक डब्यात शिरला की आधी जमिनीवर पाय आपटून पाहायचा. दातेरी गाडी त्यानं मुद्दाम तिसऱ्या दिवसासाठी राखली होती. ताटातला गोड पदार्थ शेवटी ठेवणाऱ्यांपैकी तो आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तो तापानं, आणि पोटावर लाल पुरळ घेऊन.

"ढेकूण," तो म्हणाला. "ह्या पलंगात ढेकूण आहेत."

मी नको म्हणत असताना त्यानं खाली जाऊन बाईंना तसं सांगितलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या वर आल्या, चादर काढली, गादी उचलली, पलंग भिंतीपासून ओढला आणि आम्हा दोघांना वाकून पाहायला लावलं. तिथं धूळसुद्धा नव्हती. मग त्यांनी नवऱ्याचा शर्ट वर करायला सांगितला, एकदा पाहिलं आणि तीन पावलं मागे सरकल्या.

डॉक्टर आले. त्यांना निदान करायला जितका वेळ लागला त्यापेक्षा जास्त वेळ हात धुवायला लागला. कांजिण्या. मोठ्या वयात जोर जास्त, म्हणून काळजी घ्या. खपल्या धरेपर्यंत त्यानं खोलीबाहेर पडायचं नाही; मला शाळेत असताना येऊन गेल्या होत्या, म्हणून मी मोकळी. गाडीत बसायचं नाही, विमानात तर नाहीच. मी बोटांवर हिशेब केला. खपल्या धरण्याचा दिवस आणि आमचं परतीचं विमान, दोन्ही एकाच सुमाराला येत होती. नवऱ्यानंही तोच हिशेब केला असावा, कारण त्यानं डोळे मिटून घेतले. बाहेर शिट्टी झाली आणि दातेरी गाडी सुटली.

संध्याकाळी त्यानं नाशिकला आईला फोन लावला. मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या, कारण सासूबाई परदेशी फोनवर अंतराच्या हिशेबानं आवाज चढवतात.

"आई, मला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना?"

"आल्या होत्या की. किती रडलास! अंगभर नुसत्या. तुला मांडीवरून खाली ठेवता यायचं नाही." मग आवाज जरा खाली आला. "नाही रे. तो तुझा भाऊ."

"आई!"

"अरे, तुम्ही दोघं सारखेच दिसायचात. तू तेव्हा आजोळी होतास. का, काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "हवा छान आहे."

मी मामींना फोन केला तो घराकडे लक्ष ठेवा एवढंच सांगायला, आणि पोरगी कशी आहे ते विचारायला. पण मामींना आवाजावरून कळतं. मी सांगून टाकलं. मला वाटलं होतं, म्हणतील, मी सांगितलं नव्हतं? त्यांनी आधी माफी मागितली, ती माझी नाही, अम्माची. मग सूचना सुरू झाल्या. फोडणी घालूं नको. (आम्ही लॉजमध्ये होतो.) केस विंचरूं नको. ताक दे. कडुलिंबाच्या पाल्यावर निजव.

"मामी, इथं कडुलिंब नाही."

"कसं नाही? झाडं नाहींत काय तिथं?"

"झाडं आहेत. कडुलिंब नाही."

मामींना ते त्या देशाच्या दृष्टीनं फार वाईट वाटलं. "मग कडू असेल तो पाला घे, कण्णा. अम्मा समजून घेतील. अन् ऐक. तूं सेवा करणार. तूं उंबरा ओलांडूं नको. अम्मा जाईतों कुठं फिरूं नको."

"बरं, मामी," मी म्हटलं.

माझा ह्यातल्या कशावरही विश्वास नाही. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण दुसऱ्या दिवशी मी लॉजच्या मागच्या बागेत उकिडवी बसून एकेक पान तोडून चावून पाहत होते. विश्वास नसला तरी नवऱ्याला खाज होती, लोशन पुरत नव्हतं, आणि हाताला काही काम हवं होतं. पिवळ्या फुलांच्या एका रोपाची पानं चांगली कडू निघाली. मान वर केली तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाई बघत होत्या. अर्ध्या तासानं खोलीच्या दाराशी सूप आलं, पाव आला, चीज आलं, आणि भलं मोठं सफरचंद. भारतीय बाई उपाशी आहे आणि सांगायला लाजते, असा त्यांनी अर्थ लावला होता. दारावर त्यांनी एक छापील कागदही चिकटवला: चार भाषांत, आत येऊ नये. मला फाटकाला बांधलेल्या डहाळीची आठवण झाली. फरक एवढाच की डहाळीवर सही-शिक्का नसतो.

नवरा पाल्यावर निजला. ताप उतरला. अंगावर ठिपके आणि तोंडावर दाढी घेऊन तो दिवसभर खिडकीत बसायचा आणि समोरच्या गाड्यांवर देखरेख करायचा. एकदा एक गाडी थोडी उशिरा आली. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते औषधानं आणता आलं नसतं. दातेरी गाडी आली की मात्र तो पुस्तक उघडायचा.

आणि मी त्या डोंगराच्या माथ्याकडे बघायचे. ढग होते म्हणून सोपं जात होतं. निघायला दोन दिवस उरले असताना सकाळी पडदा सरकवला आणि आकाश नुकतंच धुऊन टाकल्यासारखं. कडा दिसत होता. कड्याच्या कडेनं जाणारी वाटसुद्धा दिसत होती, पांढऱ्या दोऱ्यासारखी. आज गेले नाही तर कधीच जाणार नव्हते. असल्या सहली आमच्यासारख्यांच्या आयुष्यात दोनदा होत नाहीत.

"मी जाऊ?" मी विचारलं.

"जा तू," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली की 'जा' किती तऱ्हेनं म्हणता येतं ते कळतं. हे 'बघतो कशी जातेस' ह्या जातीचं होतं.

"तुला ताप नाही आता."

"नाही."

"बाई सूप देतील."

"देतील."

"मग?"

"चालण्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही. चाल ना. दिवसभर चाल. पण वर जाशील कशी?"

आता कुठं मूळ दुखणं बाहेर आलं.

तो उठून बसला. "म्हणजे कॉलेजात असल्यापासून मी थांबलोय, आणि त्या गाडीत पहिली बसणार तू. जिला उटीच्या गाडीत झोप लागते."

"एकदाच लागली होती."

"चढावर लागली होती!"

"मग नाही जात. राहू दे."

"असं नको म्हणूस. मग मी वाईट ठरतो." त्यानं मान खाजवली, मी हात धरला, त्यानं सोडवून घेतला. "एक कर. वरती डोळे उघडे ठेवून हवं तेवढं बघ. गाडीत मात्र डोळे मिटून बस."

"चालेल," मी म्हटलं, आणि बूट घातले.

दाराशी पोचल्यावर माझा पाय क्षणभर अडखळला. सात हजार किलोमीटरवर मैलापूरला एक म्हातारी उंबऱ्याबद्दल काहीतरी म्हणाली होती. मी बँकेत लोकांची अंधश्रद्धेनं निवडलेले मुहूर्त ऐकून गालात हसणारी बाई. मी उंबरा पाहिला. लॉजला उंबराच नव्हता, नुसती एक पितळी पट्टी होती. त्यातून मी पळवाट काढली आणि निघाले.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. मी बसले आणि डोळे मिटले. थोड्याच वेळात गाडीच्या पोटाखाली काहीतरी घट्ट पकडल्यासारखं 'टक्' झालं, आणि मग आपल्या इडलीच्या ग्राइंडरसारखी एकसुरी घरघर सुरू झाली. पाठ खुर्चीत दाबली गेली. पापण्यांतून आधी नारिंगी दिसलं, मग हिरवं, मग एकदम लख्ख. सगळा डबा आ वासून ओरडला. कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट. त्या क्षणी डोळे न उघडणं हे मी आजवर केलेलं सगळ्यांत कडक व्रत असेल. हरतालिकेला मी दुपारीच फराळ करते.

समोरच्या गृहस्थांनी माझ्या गुडघ्याला हलकेच हात लावला. आवाजावरून वयस्कर वाटले. "बाई, तुम्हाला उंचीची भीती वाटते का?"

"नाही," मी डोळे मिटूनच म्हटलं. "माझ्या नवऱ्याला कांजिण्या झाल्यात."

थोड्या वेळानं मला जाणवलं की समोर आता कुणी बसलेलं नाही.

वर पोचल्यावर डोळे उघडले. त्या वाटेबद्दल मी फार लिहिणार नाही, अध्यक्ष लिहितील. वारा होता. एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तळं आमच्या मैलापूरच्या देवळाच्या तळ्यापेक्षा लहान होतं आणि त्याला पायऱ्या नव्हत्या. मी काठावर बसून उकडलेलं अंडं खाल्लं. कुणी विचारलं नाही की एकट्याच का, कुठल्या, मुलं किती. बराच वेळ मला माझाच श्वास ऐकू येत होता, आणि तो ऐकायला बरा वाटत होता. मग रानातून उतरले. उतारावर गुडघ्यांनी स्टेशनच्या जिन्यांचा सगळा सराव नाकारला, पण पोचले.

नवरा खिडकीतच होता. मी आत आले तेव्हा त्यानं घाईनं पुस्तक उघडलं.

"तळं?" त्यानं पानातूनच विचारलं.

"होतं."

"वाट?"

"तीही होती. छान होती रे. फार छान होती."

त्यानं पुस्तक खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला. "उन्हानं नाक सोललंय तुझं," तो म्हणाला. मग हळूच, "आणि गाडीत? डोळे?"

"मिटले होते."

"सगळा वेळ?"

"हो."

"वेडी आहेस का तू? मी आपलं चिडून बोललो."

"मला माहीत होतं."

"मग कशाला मिटलेस? अगं, सगळं जग पैसे भरून ते बघायला येतं!"

मी त्याच्या पाठीला लोशन लावायला घेतलं. तो मान न वळवता म्हणाला, "आवाज कसा होता?"

मी 'टक्' करून दाखवलं, आणि मग घरघर.

"हट्! असा नसणार. इतका जाड नसणार. पुन्हा कर."

मी पुन्हा केला. त्यानं दुरुस्ती सुचवली. मी तिसऱ्यांदा केला तेव्हा दारावर टकटक झाली, आणि बाईंनी बाहेरूनच विचारलं, पेशंटला श्वासाचा त्रास होतोय का, डॉक्टरांना बोलावू का.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "खरं सांगू? एकदा उघडले होते डोळे."

"कुठं?"

"एकदम गार लागलं, आवाज बदलला, म्हणून घाबरून उघडले. बोगदा होता. काही दिसलं नाही."

तो ताडकन उठून बसला. लोशन चादरीला लागलं. "बोगदा? किती लांब?"

"मी काय मोजत होते?"

"आवाज किती वेळ बदललेला होता? आठव. तसाच कर. आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत."

त्यानं उशाखालून घड्याळ काढलं. मी पलंगावर त्याच्या बाजूला बसले, डोळे मिटले आणि बोगद्यात शिरले.